अंगणातला फोन, खिशातला फोन

१९७१ मध्ये पूर्व बंगालात मुक्तिसंग्राम पेटला होता. शहर सोडून खेड्यात आश्रयाला गेलेल्या एका कुटुंबातील बारा-तेरा वर्षांच्या मुलाला धाकट्या भावंडाचे औषध आणण्यासाठी दूरच्या गावी पाठविण्यात आले. सकाळभर पायपीट करून तो तेथे पोहोचला, तेव्हा औषध देणारे गृहस्थच गावात नव्हते. रिकाम्या हातांनी घरी परतण्यात दुपार सरली. अख्खा दिवस वाया गेला. हा मुलगा म्हणजे इक्बाल कादिर. पुढे अमेरिकेत शिकून वित्तव्यवसायात स्थिरावल्यावर, १९९३ मध्ये एके दिवशी कचेरीतील संगणकांचा परस्परसंबंध तुटून सारे काम खोळंबले, तेव्हा त्यांना लहानपणीचा तो दिवस आठवला. कचेरी अद्ययावत असो वा खेडे मागासलेले असो, संपर्क नसला की श्रम फुकट जातात, हे सूत्र त्यांना त्यातून गवसले. बांगलादेशात त्या काळी दर हजार माणसांमागे जेमतेम दोन-तीन दूरध्वनी होते आणि तेही बहुतांशी शहरांत.

या सूत्रातून पुढे जे घडले त्याची कथा जगभर सांगितली गेली. खेड्यातील गरीब मुसलमान स्त्रीच्या हाती फोन आला आणि तिचे आयुष्य पालटले, असे तिचे सार. ही कथा खोटी नाही. परंतु ती अर्धी आहे. उरलेला अर्धा भाग असा की, फोन जोवर दुर्मिळ होता तोवर त्याने स्त्रीला मिळकत दिली आणि मान दिला. तो स्वस्त व सार्वत्रिक झाला तेव्हा मात्र तो प्रथम पुरुषाच्या खिशात गेला. यंत्र तेच, समाज तोच, धर्मही तोच. मग फरक कशाने पडला? नवे यंत्र आले की स्त्रीचे बंध आपोआप गळून पडतात, असे एका बाजूने सांगितले जाते. मुसलमान समाजात काही बदलणे शक्यच नाही, असे दुसऱ्या बाजूने. या दोन्ही समजुती पारखून पाहण्यास बांगलादेशाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

गायीच्या जागी फोन

मुहम्मद युनूस यांच्या ग्रामीण बँकेला १९८३ मध्ये स्वतंत्र बँकेचा दर्जा मिळाला. तारण न घेता लहान कर्जे देणाऱ्या या बँकेच्या कर्जदारांत नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. बाईने कर्ज काढून गाय घ्यावी, दूध विकावे, त्यातून हप्ते फेडावेत आणि अखेरीस गाय तिची व्हावी, असा हा सरळ व्यवहार होता. कादिर यांचा युक्तिवाद एवढाच होता की, गायीच्या जागी फोन का नसावा? नॉर्वेची टेलिनॉर ही कंपनी आणि ग्रामीण बँकेच्या परिवारातील ग्रामीण टेलिकॉम ही संस्था यांच्या सहभागातून 'ग्रामीणफोन' ही कंपनी उभी राहिली आणि २६ मार्च १९९७ रोजी, बांगलादेशाच्या स्वातंत्र्यदिनी, तिची सेवा सुरू झाली.

त्याच वर्षी 'पल्ली फोन' योजना आली. बँकेची जुनी, हप्ते नियमित फेडणारी सभासद कर्जाने फोन घेई. बोलण्याची मिनिटे तिला घाऊक आणि सवलतीच्या दराने मिळत. ती गावकऱ्यांना किरकोळीने विकून मधला नफा ती घरात आणी. २००० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत अशा फोनवाल्या बायांची संख्या दोन लाखांवर गेली. २००६ मध्ये युनूस आणि ग्रामीण बँक यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा या फोनवाल्या बाईचे चित्र जगभरच्या वृत्तपत्रांतून फिरत होते.

केवळ अर्थशास्त्राच्या कसोटीवरही योजना खरी उतरली होती. जर्मनीतील बॉन विद्यापीठाच्या विकास संशोधन केंद्रातर्फे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, फोनवाल्या कुटुंबांच्या उत्पन्नाचा जवळजवळ चौथा हिस्सा फोनच्या नफ्यातून येत असल्याचे आढळले. कॅनडाच्या विकास साहाय्य संस्थेसाठी २००० मध्ये झालेल्या अभ्यासाने गिऱ्हाइकांचा हिशेब मांडला. ढाक्याला जाऊन यायला जो खर्च येई तो एका फोनच्या खर्चाच्या दुपटीपासून आठपटीपर्यंत होता. पाठ्यपुस्तकात ज्याला उपभोक्त्याचे संतोषाधिक्य म्हणतात ते ढाक्याच्या एका फोनमागे कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या सुमारे अडीच ते दहा टक्क्यांपर्यंत भरत होते. कादिर यांच्या वाया गेलेल्या दिवसाची किंमत जणू प्रथमच कोणी रोकड्यात मोजली होती.

बाजार दारात आला

परंतु योजनेचे खरे वैशिष्ट्य नफ्यात नव्हते. ते फोन कोठे ठेवला होता यात होते. बंगालच्या मुसलमान खेड्यात पडद्याचा अर्थ केवळ बुरखा असा नाही. पडदा म्हणजे जागांची वाटणी. घर, अंगण, परसातील तळे ही स्त्रीची जागा. हाट, चहाचे दुकान, मशीद, रस्त्याचा नाका ही पुरुषाची. बाई कोंबड्या पाळी, परसात भाजी पिकवी. पण अंडी आणि भाजी हाटात नेई तो नवरा किंवा मुलगा. विक्रीचा भाव बाईला कळे तो त्याच्या तोंडून, आणि पैसा हाती येई तो त्याच्या हातून.

पल्ली फोनने ही दिशा उलटी केली. बाईला बाजारात जाण्याची गरज उरली नाही. बाजारच तिच्या दारात आला. धानाचा भाव विचारायला व्यापारी आला, परदेशी गेलेल्या मुलाची खुशाली विचारायला सधन शेतकरी आला, शाळामास्तर आला. एरवी ज्या घराकडे कोणी मान वळवून पाहिले नसते त्या घराच्या अंगणात गावातील प्रतिष्ठित मंडळी आपली पाळी येईपर्यंत थांबू लागली आणि जाताना बाईच्या हातावर पैसे ठेवू लागली. बेगम रुकय्या सखावत हुसेन यांनी १९०५ मध्ये 'सुलतानाज् ड्रीम' या कथेत पुरुष पडद्यात आणि स्त्रिया कारभारात अशी उलटी दुनिया कल्पिली होती. पल्ली फोनने तशी उलथापालथ केली नाही, तसा त्याचा दावाही नव्हता. पडदा न फाडता त्याच्या आतल्या बाजूला एक दुकान थाटले गेले, इतकेच. पण त्या 'इतकेच'चे मोल मोठे होते.

जागेचे हे महत्त्व कॅनडाच्या उपरोक्त अभ्यासातही स्पष्ट झाले. फोन जेथे बाईच्या घरी होता आणि तीच तो चालवीत होती, तेथे गावातील इतर बायाही बोलायला येत. जेथे तो पुरुषाच्या हाती किंवा बाजारातील दुकानात होता, तेथे स्त्री गिऱ्हाइके क्वचितच फिरकत. दोन्हीकडे यंत्र सारखे, दर सारखा, गावेही सारखीच. फरक होता तो उंबरठ्याचा.

आखाती देशांत मजुरीला गेलेल्यांच्या बायकांना या अंगणाचे महत्त्व विशेष होते. तोवर निरक्षर बाईचे पत्र दुसरा कोणी लिही आणि आलेले पत्र दुसरा कोणी वाची. नवऱ्याशी तिचा संवाद दिराच्या, सासऱ्याच्या अथवा गावातील एखाद्या शिकलेल्या मुलाच्या मार्फत होई. किती पैसे पाठविले आणि ते कोणाच्या हाती दिले, हेही तिला इतरांकडूनच कळे. फोनवर ती प्रथमच स्वतःच्या तोंडाने बोलली आणि नवऱ्याने किती पैसे पाठविले ते तिने स्वतःच्या कानांनी ऐकले. फोनवाल्या बाईच्या अंगणात चार माणसे ऐकत असत, एकांत मिळत नसे, हे खरे. तरीसुद्धा मधला दुभाष्या गेला, हा लाभ लहान नव्हता.

कर्ज कोणाच्या नावे, पैसा कोणाच्या हाती

येथवर चित्र उजळ आहे. तथापि त्याची दुसरी बाजू दडवून चालणार नाही. बांगलादेशातील स्त्रियांच्या कर्जांविषयी अ‍ॅन मेरी गेट्झ आणि रीना सेनगुप्ता यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने एक अप्रिय प्रश्न विचारला होता: कर्ज बाईच्या नावे निघते, पण ते वापरतो कोण? सुमारे ३७ टक्के कर्जांच्या बाबतीतच स्त्रीचा पूर्ण किंवा बऱ्यापैकी ताबा असल्याचे त्यांना आढळले. उरलेल्या कर्जांचा विनियोग मुख्यतः पुरुषांच्या हाती होता आणि फेडीची जबाबदारी मात्र बाईवर. लामिया करीम यांनी २०११ मधील आपल्या ग्रंथात याहून कठोर निष्कर्ष काढला. हप्ते थकले तर चारचौघांत होणारी बाईची बेअब्रू हेच या व्यवस्थेत खरे तारण ठरते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

फोनही या नियमाला अपवाद नव्हता. कित्येक गावांत कागदावर फोनवाली बाई होती आणि प्रत्यक्षात फोन नवऱ्याच्या दुकानात होता. अर्थात, यावरून सारी योजनाच फसवी होती असे ठरविणे अन्यायाचे होईल. फोन अंगणात राहिला तेथे अनेक बायांच्या हाती खरोखरच पैसा खेळला. पण मालकीचा कागद आणि मालकीचा अधिकार या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा तेव्हाच मिळाला होता. पुढे जे घडले त्याने तो अधिक ठळक केला.

सुबत्तेचा उलटा परिणाम

फोनवाल्या बाईची मिळकत दुर्मिळतेवर उभी होती. गावात एकच फोन, म्हणून सारे गाव तिच्या दारी. २००५ मध्ये बांगलालिंक ही नवी कंपनी बाजारात उतरली, दरांची चढाओढ लागली, फोनची यंत्रेही स्वस्त झाली आणि २०१३ पर्यंत देशातील भ्रमणध्वनी जोडण्यांची संख्या दहा कोटींवर गेली. ग्राहकाच्या दृष्टीने हे वरदानच होते. स्पर्धेने मक्तेदारी मोडावी, भाव खाली यावेत, हे अर्थशास्त्राचे कोणतेही पुस्तक सांगेल. परंतु या प्रकरणात मोडलेली मक्तेदारी कोणा धनाढ्याची नव्हती. ती एका गरीब बाईची होती. व्यापारी, मास्तर, शेतकरी, ज्याचा त्याचा फोन ज्याच्या त्याच्या खिशात आला आणि अंगण ओस पडले.

हे नवे फोन कोणाच्या खिशात गेले, ते आकडे सांगतात. भ्रमणध्वनी कंपन्यांच्या 'जीएसएमए' या जागतिक संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार बांगलादेशात ८६ टक्के प्रौढ पुरुषांकडे स्वतःचा फोन होता. स्त्रियांत हे प्रमाण ६१ टक्के होते. फोनवरून इंटरनेट वापरणारे पुरुष ३३ टक्के, तर स्त्रिया १६ टक्के, म्हणजे निम्म्याहूनही कमी. ज्या देशात फोन प्रथम बाईच्या हाती देऊन खेड्यात नेला गेला, त्याच देशातील हे आकडे आहेत.

यात गूढ काही नाही. फोन उत्पन्नाचे साधन होता तोवर तो बाईच्या हाती असण्यात घराचा लाभ होता. तो केवळ वापराची वस्तू झाल्यावर घरातील इतर वस्तूंना जो क्रम लागू होतो तोच त्याला लागू झाला. पहिला नवा फोन कर्त्या पुरुषाला, दुसरा मुलाला, आणि जुना, घासलेल्या कळांचा फोन बाईला. ताटातला मासा ज्या क्रमाने वाढला जातो त्याच क्रमाने. शिवाय अंगणातला फोन सर्वांच्या नजरेसमोर होता. खिशातला फोन खासगी आहे, आणि स्त्रीच्या खासगीपणाची धास्ती हाच तर या प्रश्नाचा गाभा आहे. कोणाचा फोन होता, इतका वेळ काय बोलत होतीस, हा क्रमांक कोणाचा, ही उलटतपासणी पुरुषाच्या वाट्याला सहसा येत नाही.

धर्म की रूढी

येथे कोणी म्हणेल, मुसलमान समाजात दुसरे काय होणार? हा निष्कर्ष सोपा आहे आणि म्हणूनच तो तपासला पाहिजे. त्याच अहवालात पाकिस्तानातील प्रमाण पुरुषांत ८१ आणि स्त्रियांत ५० टक्के, म्हणजे बांगलादेशाहून वाईट आहे. पण मुसलमान बहुसंख्य असलेल्या इंडोनेशियात ही दरी नाममात्र आहे. उलट हिंदू बहुसंख्य असलेल्या भारतात पुरुषांत ७९ आणि स्त्रियांत ६३ टक्के अशी ती ठसठशीत आहे. धर्म हे एकच कारण असते तर आकडे असे आडवेतिडवे आले नसते.

आकडे बाजूला ठेवून उदाहरणे घेतली तरी तेच दिसते. डिसेंबर २०१२ मध्ये बिहारमधील किशनगंज जिल्ह्यातल्या सुंदरबाडी या मुसलमानबहुल गावात पंचांनी स्त्रियांच्या फोनवापरावर बंदी घातली आणि दंडही ठरविला. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यातल्या सुरज या गावाने अविवाहित मुलींना फोन बंद केला. तेथील पंच हिंदू होते. एका गावी लग्ने मोडतात असे कारण सांगितले गेले, दुसऱ्या गावी मुलींच्या अभ्यासाचे. भीती एकच होती: आपल्या नजरेआड बाई कोणाशी बोलेल याची. सुंदरबाडी आणि सुरज यांच्यात धर्माचे अंतर आहे, रूढीचे नाही.

यावरून धर्माच्या नावाचा वापर होतच नाही, असे म्हणणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. पडद्याला धर्माज्ञेचे रूप देऊन स्त्रीच्या हालचालींवर अंकुश ठेवला जातो, हे बांगलादेशातील स्त्री-संघटनाच सांगत आल्या आहेत. पण त्याच धर्मपरंपरेत विवाहित स्त्रीची मालमत्ता स्वतंत्र मानली आहे. मेहेर तिचा, वारशातील वाटा तिचा, कमाई तिची. नवऱ्याचा त्यावर हक्क नाही. इंग्लंडमधील विवाहित स्त्रीला मालमत्तेचा असा व्यापक हक्क मिळण्यासाठी १८८२ च्या कायद्याची वाट पाहावी लागली. पैगंबरांच्या प्रथम पत्नी हजरत खदीजा स्वतः व्यापार करीत होत्या. तेव्हा स्त्रीची कमाई आणि स्त्रीची वस्तू तिच्या ताब्यात असावी ही मागणी मुसलमान समाजाला परकी नाही. शास्त्राने दिलेले रूढीने काढून घेतले आहे, असे त्या समाजातील सुधारक म्हणतात, तेव्हा ते नवे काही मागत नसतात. थकलेले येणे वसूल करू पाहत असतात.

नावावर काय आहे

मग मार्ग कोणता? यंत्राची वाट पाहण्यात अर्थ नाही, हे तर उघडच आहे. फरक पडला तो जेथे यंत्राबरोबर बाईचे नाव आणि बाईचे उत्पन्न जोडले गेले तेथे. २०११ मध्ये बांगलादेशात 'बिकाश' ही फोनवरून पैसे पाठविण्याची सेवा सुरू झाली. २०१७ पासून प्राथमिक शाळेतील मुलांचा शिष्यवृत्तीभत्ता आईच्या फोनखात्यात जमा करण्याची पद्धत आली. रक्कम लहान, पण तिच्यासाठी खाते बाईचे लागे आणि खात्यासाठी फोन क्रमांक लागे. २०२० मध्ये महामारीमुळे कापड कारखान्यांच्या मागण्या रद्द झाल्या, तेव्हा निर्यात उद्योगातील मजुरांच्या वेतनासाठी सरकारने पाच हजार कोटी टाकांचे साहाय्य जाहीर केले आणि वेतन मजुराच्या बँकखात्यात किंवा फोनखात्यातच जमा करण्याची अट घातली. शिवणाच्या या कारखान्यांतील सुमारे चाळीस लाख मजुरांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. पगाराचे पाकीट नवऱ्याच्या हाती देणे आणि पगार स्वतःच्या खात्यात असणे, यांत फरक आहे.

हा फरक फुगवून सांगण्याचेही कारण नाही. खात्याचा गुप्त क्रमांक अनेकदा नवऱ्याला ठाऊक असतो. पैसे काढून देणारा दुकानदार पुरुष असतो आणि त्याचे दुकान पुन्हा त्या जुन्याच नाक्यावर असते. २०१५-१६ मध्ये बांगलादेशात प्रत्येक सिमकार्डाची बोटांच्या ठशांनिशी नोंदणी झाली. जिच्याकडे राष्ट्रीय ओळखपत्र नाही ती बाई यात नवऱ्याच्या वा भावाच्या नावावरच राहते. म्हणून ओळखपत्र, स्वतःच्या नावाचे सिम, स्वतःचे खाते आणि पडद्यावरील अक्षरे वाचता येण्याइतके शिक्षण, या चार गोष्टी एकत्र मिळाल्या तरच फोन बाईचा होतो. यांतील एक जरी गळली तरी उरतो तो घरातला फोन. बाई फक्त तो उचलते.

पल्ली फोनच्या कथेतून अखेर निघते ते हे. पहिल्या फोनने बाईला जे दिले ते त्याच्या यंत्रशक्तीने दिले नाही. कर्ज तिच्या नावे होते, जागा तिची होती, विकणारी ती होती आणि घेणारे तिच्या दारी येत होते, म्हणून दिले. ही घडी मोडल्यावर अधिक चांगला, अधिक स्वस्त फोनही तिला तेवढे देऊ शकला नाही.

हा प्रश्न पद्मेच्या पलीकडच्या तीरावर सोडून देण्याजोगाही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्क्यांकडेच स्वतः वापरण्याजोगा फोन असल्याचे आढळले. यांत सर्व धर्मांच्या स्त्रिया आल्या, कारकुनांच्या आणि शिक्षकांच्या घरातल्याही आल्या. मुसलमान स्त्रीच्या पडद्याविषयी चिंता व्यक्त करण्याचा अधिकार कोणालाही आहे. मात्र तो वापरण्यापूर्वी स्वतःच्या घरातील फोन कोणकोणाच्या नावावर आहेत आणि नवा आणलेला फोन प्रथम कोणाच्या हाती जातो, एवढे पाहून घेणे बरे.